शिक्के आणि मार्करने घरी शुभेच्छापत्रं: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

शिक्का मारून मार्करने रंगवलेलं शुभेच्छापत्र करायला चित्रकला यावी लागत नाही. रेघ शिक्का काढतो. उजेड कुठून येतो ते ठरवून सावली टाकायची, एवढंच आपलं काम. तरीही नवशिक्यांची पहिली पाच-सात कार्डं फसतात. काळी रेघ रंगात पसरते, कागदाच्या मागे डाग उमटतात, घडीवर तडे जातात, आणि माणूस म्हणतो आपला हातच चांगला नाही. हाताचा दोष त्यात थोडाच असतो. कागद, शाई आणि मार्कर एकमेकांना मानवणारे नसले की कितीही जपून रंगवा, कार्ड बिघडतंच. त्यात व्हिडिओत सांगितलेल्या वाळण्याच्या वेळा आपल्या विदर्भातल्या मे महिन्याला लागू पडत नाहीत आणि श्रावणालाही नाहीत.

१. खरेदीआधी शाई आणि मार्करची जोडी ठरवा

मार्कर दोन जातींचे. अल्कोहोल मार्करचं टोपण काढलं की सॅनिटायझरसारखा वास येतो. त्याचा रंग वाळल्यावर ओलं बोट फिरवलं तरी हलत नाही. पाण्याचे ब्रश पेन बिनवासाचे असतात आणि ओल्या बोटाने रंग पसरतो. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात आणि दोन्हींना ‘ब्रश मार्कर’च म्हणतात, म्हणून वास घेऊनच घ्या.

मार्कर ज्यात विरघळतो त्यात शिक्क्याची शाई विरघळता कामा नये. अल्कोहोल मार्कर वापरणार असाल तर पाण्यावर आधारलेली, मार्करसाठी चालते असं वेष्टनावर लिहिलेली डाय शाई (कागदात मुरणारी, पातळ रंगाची शाई) हवी. मेमेंटो या कंपनी-नावाचा काळा पॅड यासाठी खूप वापरला जातो. पाण्याचे ब्रश पेन असतील तर वाळल्यावर पाण्याने न सुटणारी शाई घ्या, उदाहरणार्थ व्हर्साफाइन किंवा स्टॅझऑन. स्टॅझऑनवर अल्कोहोल मार्कर फिरवला तर काळ्या रेघेची शेपटी निघते. ‘पक्की शाई आहे’ या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. कशाने पक्की, ते विचारा.

ग्रामपंचायतीत किंवा शाळेत असतो तो जांभळा स्टॅम्प पॅड या कामाचा नाही. ती शाई सावकाश वाळते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. पैसे वाचवायला नव्यांपैकी बरेच जण हाच उचलतात.

परीक्षा सोपी आहे. ज्या कागदावर कार्ड करायचं त्याच कागदाच्या तुकड्यावर शिक्का मारा, दहा मिनिटं थांबा, मग सगळ्यात फिकट पिवळा मार्कर रेघेवरून आडवा ओढा. पिवळ्यात काळपटपणा आला तर जोडी चुकली. मार्करच्या टोकाला लागलेला काळा रंग कोऱ्या कागदावर घासून लगेच काढून टाका, नाहीतर तो पुढच्या चित्रात उतरतो.

२. सामान

- काळ्या शाईचा एक पॅड (वर सांगितलेल्या जोडीप्रमाणे)
- बारा मार्कर: पिवळा, नारिंगी आणि विटकरी, हिरव्याच्या तीन छटा, तपकिरीच्या तीन छटा, दोन फिकट राखाडी, एक बिनरंगी ब्लेंडर (छटा मिसळायचा रंग नसलेला मार्कर)
- २५० जीएसएमचा गुळगुळीत, बिनचकाकीचा पांढरा कागद (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड)
- पाकिटं
- दोन-तीन शिक्के. पारदर्शक असतील तर ते चिकटवून धरायला अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा
- स्टीलची पट्टी, कटर, शाई संपलेलं बॉलपेन
- दुतर्फी चिकटपट्टी आणि डिंकाची कांडी
- पांढरं जेल पेन
- शिक्का पुसायला ओलं सुती फडकं, खाली घालायला जुनी वही किंवा माऊस पॅड

साठ रंगांच्या डब्याचा मोह आवरा. त्यात अर्धे रंग भडक असतात आणि एकाच रंगाच्या तीन छटा क्वचित सापडतात. सावलीचं सगळं काम त्या तीन छटांवर चालतं. लाल आणि निळ्याची तिकडी दुसऱ्या खरेदीत घ्या.

टोपणाचा रंग आणि कागदावर उतरणारा रंग वेगळे असतात. म्हणून डबा आला की पहिलं काम रंगपट्टीचं: कार्डाच्याच कागदावर प्रत्येक मार्करचा चौकोन भरा आणि खाली क्रमांक लिहा. कॉपिक या जपानी मार्करवर अक्षर म्हणजे रंगाचं घराणं, पहिला अंक छटांचा गट आणि शेवटचा अंक फिकट-गडदपणा. शून्याच्या जवळचा फिकट, नऊच्या जवळचा गडद. शेवटच्या अंकात दोन-तीनचं अंतर असलेले रंग चांगले मिसळतात. स्वस्त डब्यांचे क्रमांक या हिशोबाने जातीलच असं नाही, तिथे तुमची रंगपट्टीच खरी.

३. कागद

तालुक्याच्या दुकानात ‘कार्डशीट’ मागितली की बहुतेक वेळा एका बाजूने चकाकणारी देतात. चकाकीवर शाई वाळत नाही, बोटाला लागते. ड्रॉइंगचा खरबरीत कागद किंवा हँडमेड पेपर दिसायला देखणा, पण शिक्क्याची बारीक रेघ त्याच्या खड्ड्यांत तुटते. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो. त्यावर अल्कोहोल मार्कर आरपार जातो आणि कडाही फुटतात.

अल्कोहोल मार्कर २५० जीएसएममधूनही मागे उमटतो. तो दोष समजू नका. त्यासाठीच चित्र थेट कार्डावर न रंगवता वेगळ्या तुकड्यावर रंगवून नंतर चिकटवायचं. शिक्का बिघडला तरी मग एक तुकडा वाया जातो, अख्खं कार्ड नाही. पाण्याच्या ब्रश पेनांना मात्र थोडा जाड, पाणी पिणारा जलरंगाचा कागद लागतो, नाहीतर दोन-तीनदा घासलं की कागदाचा लगदा सुटतो.

कागदाला धागा असतो, म्हणजे त्यातल्या तंतूंची एक दिशा. तुकडा हातावर ठेवून हलकेच दोन्ही दिशांनी वाकवा. ज्या दिशेने सहज वाकतो, त्या वाकाला समांतर धागा. घडी धाग्याला समांतर पडली तर स्वच्छ बसते, आडवी पडली तर जाड कागद तडकतो आणि आतला पांढरा तंतू दिसतो.

४. पाकीट आधी, कार्ड मागून

कार्ड सुंदर झालं आणि मापाचं पाकीटच मिळालं नाही, हा घोळ टाळायचा तर आधी पाकीट हातात घ्या. आपल्याकडे सगळ्यात सोयीचा ठिकाणा म्हणजे लग्नपत्रिका छापणारा. लग्नसराई उतरली की त्याच्याकडे ५ × ७ इंचाची कोरी पाकिटं उरतात. नागपूरला कोणी जाणार असेल तर इतवारी किंवा सीताबर्डीहून मागवा.

दोन मापं पाठ करा:

लहान कार्ड: ए४ कागद मधोमध कापला की १४.८ × २१ सेंटिमीटरचे दोन तुकडे. २१ सेंटिमीटरच्या बाजूवर १०.५ वर घडी. ११.४ × १६.२ चं पाकीट. चित्राचा तुकडा ९.५ × १३.८, म्हणजे चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर कड सुटते.

मोठं कार्ड: २४ × १७ सेंटिमीटर, १२ वर घडी, ५ × ७ इंचाचं पाकीट. २२ × २८ इंचाच्या मोठ्या शीटमधून अशी आठ निघतात. लहान मापाची नऊ निघतात.

घडी हाताने दाबून घालू नका. पट्टी लावा आणि संपलेल्या बॉलपेनाने दोन-तीनदा रेघ ओढा. कागद दबला पाहिजे, कापला नाही. दबलेली खाच कार्डाच्या बाहेरच्या बाजूला आणि मागे उठलेला उंचवटा आत राहील अशी घडी घाला. पुष्कळ जण उलटी घालतात आणि मग घडी फुगते. शेवटी चमच्याच्या पाठीने दाबा, मध्ये कोरा कागद ठेवून. नाहीतर कार्डावर चकाकी येते.

कटरने ३०० जीएसएमचा कागद एका दमात कापायला जाऊ नका. हलक्या हाताचे तीन वार, पट्टी न हलवता. पातं बोथट झालं की कागदाची कड फाटते, तेव्हा पात्याचं टोक मोडून नवं काढा.

५. शिक्के कुठून आणायचे

विकतच्या पारदर्शक शिक्क्यांत केक, टेडी आणि ख्रिसमसचं झाड भरपूर मिळतं. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, पळस किंवा पऱ्हाटीचं बोंड मिळत नाही. ते घरीच करावं लागतं, आणि ते अवघड नाही.

खोडरबर कोरणं. मोठं, पांढरं, नवं खोडरबर घ्या. चित्र बटर पेपरवर २बी पेन्सिलीने गडद काढा, कागद उलटा खोडरबरावर ठेवून नखाने घासा. चित्र उलटं उतरतं आणि छापताना सुलटं येतं. अक्षरांसाठी हे विसरलात तर ‘शुभेच्छा’ आरशात वाचावी लागेल. रेघेच्या बाहेरची जागा दोन-तीन मिलिमीटर खोल काढायची. कटर नेहमी असा धरा की पात्याचं टोक रेघेपासून बाहेर जाईल, म्हणजे रेघेच्या पायाशी उतार राहतो. टोक आत गेलं तर रेघेखालचा भाग पोखरला जातो आणि दहाव्या छापाला ती तुटून पडते. खोडरबर फिरवा, हात नाही. गोलाई अशीच सफाईदार येते. कोरलेलं खोडरबर प्लास्टिकच्या डब्यात किंवा पारदर्शक शिक्क्यांना खेटून ठेवू नका. त्यातलं तेलकट द्रव्य झिरपतं आणि दोन्ही चिकटून बसतात. कागदात गुंडाळून ठेवा.

शिक्केवाला. तहसील कचेरी किंवा कोर्टाजवळ रबरी शिक्के करून देणारा असतोच. काळ्या शाईने पांढऱ्या कागदावर काढलेलं किंवा छापलेलं चित्र त्याला द्या आणि ‘साधा पॉलिमरचा, शाई न भरलेला’ असं स्पष्ट सांगा. तो सवयीने शाई भरलेला देईल, कारण कचेरीला तोच लागतो. त्यातली शाई आपल्या कामाची नसते. रेघ अर्ध्या मिलिमीटरहून बारीक नको. देवनागरीसाठी जाड, मोकळा टाइप निवडा. ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ष्ट’ यांतली भोकं बारीक असली की दोन छापांत शाईने बुजतात. एकाच तुकड्यावर ‘मनःपूर्वक शुभेच्छा’, ‘अभिनंदन’ आणि एखादं चित्र शेजारी शेजारी बसवून घ्या आणि घरी कात्रीने सुटे करा.

घरच्या मुलांना भेंडीचा आडवा काप द्या. पाच पाकळ्यांचं फूल फुकट मिळतं आणि तुमचे शिक्के सुरक्षित राहतात.

६. शिक्का मारणं

नव्या पारदर्शक शिक्क्यावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते. वरचा तेलकट थर निघेपर्यंत पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा.

शिक्का पॅडवर दाबायचा नाही. शिक्का उलटा धरून पॅडच त्याच्यावर टपटप आपटायचा. दाबला की शाई खाचांत भरते आणि रेघा जाड येतात. कागदाखाली माऊस पॅड किंवा जुनी वही ठेवा, कठीण टेबलावर मधला भाग कोरा सुटतो. शिक्का सरळ खाली आणा, डुलवू नका, वरून बोटांनी सगळीकडे सारखा दाब द्या, तीनपर्यंत मोजा आणि सरळ उचला. डुलवलेल्या शिक्क्याच्या कडेला दुहेरी रेघ येते.

एकामागे दुसरं चित्र दाखवायचं असेल, समजा बैलामागे धान्याची पोती, तर बैल आधी छापा. तोच शिक्का चिकट चिठ्ठीवर मारून, रेघेच्या किंचित आतून कापून छापलेल्या बैलावर लावा आणि मग पोती छापा. चिठ्ठी काढली की पोती मागे गेलेली दिसतात. मागचं पहिल्यांदा छापलं तर हे जमत नाही.

काम झालं की ओल्या फडक्याने लगेच पुसा. थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव पॉलिमरला लावू नका. पारदर्शक शिक्के उन्हात पिवळे आणि चिकट होतात, खिडकीत ठेवू नका.

७. सावली

सुरुवात संत्र्यापासून करा. गोल वस्तूवर सावलीचा धडा सगळ्यात लवकर समजतो.

उजेड डावीकडून वरून येतो असं ठरवा आणि पेन्सिलीने कोपऱ्यात बारीक बाण करा. सगळ्या कार्डावर तोच उजेड. मग:

पिवळ्याने अख्खं फळ भरा, फक्त डावीकडे वर भुईमुगाच्या दाण्याएवढी जागा कोरी सोडा. काळ्या रेघेच्या एक मिलिमीटर अलीकडे थांबा, रंग आपोआप रेघेपर्यंत पसरतो. कागद ओला असतानाच नारिंगीने उजवीकडून आणि खालून आत झटके मारा, कडेला जड आणि आत येता येता हलके. नंतर अगदी खालच्या उजव्या कडेला विटकरीची चंद्रकोर. आता उलटं या: विटकरीच्या आतल्या कडेवरून नारिंगी, नारिंगीच्या कडेवरून पिवळा. या परतीच्या फेरीतच छटा एकमेकींत मिसळतात. ती गाळली की तीन पट्टे तसेच दिसतात. वाळल्यावर बिनरंगी ब्लेंडरच्या टोकाने ठिपके दिले तर सालीची छिद्रं उमटतात. ब्लेंडर रंग पुसत नाही, ढकलतो. चूक मिटवायला तो वापरू नका.

तीन-चार थरांपुढे जाऊ नका. कागद भरला की रंग मिसळणं थांबतं आणि कडेबाहेर सांडतो. ओला रंग गडद दिसतो, वाळल्यावर उतरतो, म्हणून आणखी गडद करायचं की नाही ते दोन मिनिटांनी ठरवा.

कापसाचं बोंड याच्या उलट. पांढरा रंगवायचा नसतो, तो कागदच असतो. चार-पाच फुग्यांपैकी प्रत्येकाच्या खालच्या कडेला आणि दोन फुगे भेटतात त्या फटीत सगळ्यात फिकट राखाडीचा एक झटका, त्यावर ब्लेंडर. एवढंच. राखाडी जरा वाढला की कापूस पावसात भिजल्यासारखा दिसतो. टरफलाला फिकट आणि गडद तपकिरी द्या, देठाशी गडद. मागे फिकट हिरव्याचा हलका हात फिरवला तर पांढरा उठून येतो.

माणसांच्या चेहऱ्यासाठी डब्यातला ‘स्किन’ लिहिलेला गुलाबी रंग आपल्या माणसांना शोभत नाही. तपकिरी घराण्यातल्या तीन छटा घ्या: मधली सगळीकडे, गडद हनुवटीखाली आणि केसांच्या कडेला, फिकट फक्त उजेडाच्या बाजूने मिसळायला.

पाण्याच्या ब्रश पेनांची रीत निराळी. रंग प्लास्टिकच्या झाकणावर घासा, ओल्या कुंचल्याने उचला आणि सावलीकडून उजेडाकडे ओढा.

८. जोडणी

पांढऱ्या जेल पेनने एक-दोन चमकते ठिपके द्या. जास्त दिले की देवीच्या रोगासारखे दिसतात. तुकडा चिकटवायला पातळ डिंक नको, कागद सुरकुततो. दुतर्फी पट्टी चारही कडांना आणि एक मधून. आधी वरची कड टेकवा, अंतर पाहा, मग खाली दाबत या. आतला मजकूर चित्र चिकटवण्याआधीच लिहा. शेवटी लिहायला घेतलं आणि अक्षर चुकलं तर सगळी मेहनत गेली.

९. ऊन, पाऊस आणि वीज

पारा ४५ च्या पुढे गेला की अल्कोहोल उडून जातं. मिसळायच्या आतच कड वाळते आणि पट्टे राहतात. मार्च ते जूनमध्ये सकाळी लवकर बसा, पंखा बंद ठेवा आणि एका वेळी रुपयाच्या नाण्याएवढाच भाग पूर्ण करा. कूलरसमोर बसलात तर आणखी एक अडचण: त्याच्या दमट हवेने कागद गुंडाळतो. टोपण ‘टक’ वाजेपर्यंत लावा. दोन्ही बाजूंना टोक असलेले मार्कर आडवे ठेवा, उभे ठेवले की वरचं टोक कोरडं पडतं. पत्र्याच्या घरात डबा फळीवर नको, जमिनीलगत ठेवा.

पावसाळ्यात कागद ओल धरतो, रेघा पसरतात, शिक्का वाळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, औषधाच्या किंवा बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

उठावाची सोनेरी अक्षरं करायची तर सावकाश वाळणाऱ्या शाईवर एम्बॉसिंग पावडर टाकून ती वितळवावी लागते. हेअर ड्रायरने ती वितळत नाही, उडते. हीट गन (कडक गरम हवा सोडणारं यंत्र) नसेल किंवा वीज गेली असेल तर तापवून विस्तवावरून उतरवलेल्या तव्यावर तीन-चार सेंटिमीटर उंच, चिमट्याने धरून कार्ड फिरवा. पावडर चमकली की लगेच काढा. चूल पेटती असेल तर हे तिथे करू नका, आणि मार्कर तर त्या खोलीतच नकोत: अल्कोहोल पेट घेतं. दिवाळीत पणतीशेजारी बसून रंगवणं याच कारणाने वाईट.

१०. पोस्टात टाकताना

पाया आणि चित्राचा तुकडा दोन्ही २५० जीएसएमचे असले तर लहान कार्ड पाकिटासह सुमारे १५ ग्रॅम भरतं. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, म्हणजे ते त्यात बसतं. ३०० जीएसएमचा पाया, फोमच्या पट्ट्या आणि वर लेस लावली की २० ओलांडतं. तिकीट कमी लावलं तर दंड घेणाऱ्याला भरावा लागतो, आणि शुभेच्छा पैसे मोजून घ्यायला कोणाला आवडेल? पोस्टातल्या काट्यावर एकदा तोलून घ्या.

मणी, बटणं, टिकल्या लावू नका. पाकीट थैलीत दाबलं जातं आणि वर तारखेचा शिक्का ठोकला जातो. मणी पाकीट फाडून बाहेर येतो. मोती हवेच असतील तर जेल पेनचे ठिपके पुरतात. पत्ता बॉलपेनने लिहा, ब्रश पेनचा पत्ता पहिल्या सरीत वाहून जातो. पिनकोड चुकवू नका. विदर्भातले सगळे ४४ ने सुरू होतात, पण शेवटचे तीन अंक गावाला टपाल वाटणाऱ्या पोस्टाचे असतात, तालुक्याचे नव्हे. साध्या पत्राचा माग काढता येत नाही. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं, त्यामुळे पोचपावतीची खात्री हवी असेल तर स्पीड पोस्टच करा. दिवाळी किंवा राखीसाठी आठ-दहा दिवस आधी टाका, कारण शाखा डाकघरातून थैली दिवसातून एकदाच निघते.